दृष्टांत आणि पुरावा

२१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपतीच्या मूर्ती दूध पितात अशी वार्ता पहाटे दिल्लीतून निघाली आणि दिवस मावळण्यापूर्वी देशभरातील देवळांपुढे, इतकेच नव्हे तर परदेशातील हिंदू मंदिरांपुढेही, दुधाची भांडी व चमचे घेतलेल्या भाविकांच्या रांगा लागल्या. शास्त्रज्ञांनी त्याचा उलगडा लगोलग केला. पृष्ठताणामुळे सोंडेला टेकलेल्या चमच्यातील दूध ओढले जाते आणि पातळ थराने मूर्तीच्या अंगावरून ओघळते. दुधात रंग मिसळताच तो ओघळ स्पष्ट दिसला. त्या वादात दोन्ही पक्षांनी पुष्कळ बोलून घेतले. परंतु एक प्रश्न बाजूलाच राहिला. चमच्यातील दूध कमी झाले की नाही यावर जर देवाचे अस्तित्व ठरणार असेल, तर घरोघर रोज दाखविल्या जाणाऱ्या नैवेद्याचे काय?

नैवेद्याचे ताट देवापुढून जसेच्या तसे परत येते, हे ते वाढणाऱ्या गृहिणीला ठाऊक असते. तरीही तिची श्रद्धा डळमळत नाही. कारण नैवेद्य हे रूपक आहे. जे मिळाले ते आपल्या एकट्याचे नव्हे ही जाणीव त्यातून व्यक्त होते, आणि तेच अन्न प्रसाद होऊन पंक्तीत वाटले जाते. बाळ नामदेवाच्या हट्टाखातर विठ्ठल जेवला, ही कथा महाराष्ट्राने शतकानुशतके ऐकली. ताटातील घास मोजण्याचे कोणाच्या मनात आले नाही. कथेचा जीव त्या मुलाच्या हट्टात आहे. १९९५ साली मात्र रूपकाला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करण्यात आले. उलटतपासणीत ते टिकले नाही, यात नवल ते काय?

ईश्वराच्या अस्तित्वाचा पुरावा मागणे हा पाश्चात्त्यांचा उद्योग, अशी एक समजूत आहे. ती खरी नाही. आपल्याकडील नैयायिकांनी हे आव्हान उघडपणे स्वीकारले होते. घट हे कार्य आहे, म्हणून त्याला कुंभार हा कर्ता असतो. जग हेही कार्य आहे, म्हणून त्यालाही कर्ता असला पाहिजे, हे त्यांचे प्रसिद्ध अनुमान. उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त ईश्वरसिद्धीची मांडणी अनेक अंगांनी केली. त्यांच्याही पूर्वी, सातव्या शतकात, बौद्ध आचार्य धर्मकीर्ती यांनी या अनुमानातील फट दाखविली होती. मातीचा प्रत्येक आकार कुंभाराचाच म्हणायचा, तर वारूळही कुंभारानेच घडविले असे म्हणावे लागेल! वेदप्रामाण्य मानणाऱ्या कुमारिल भट्टांचा आक्षेप निराळा होता. कुंभाराला शरीर असते; जगाच्या कर्त्याला ते होते काय, आणि असल्यास ते कोणी घडविले? याहून लक्षणीय साक्ष रामानुजाचार्यांची आहे. विष्णुभक्तीला तत्त्वज्ञानाचे अधिष्ठान देणाऱ्या या आचार्यांनीही, अनुमानाने ईश्वर सिद्ध होत नाही, त्याचे ज्ञान शास्त्रावरूनच होते, असे ‘श्रीभाष्या’त प्रतिपादिले. पुरावा नाकारणारा तो नास्तिक, हे सोपे समीकरण येथे कोलमडते.

इंग्लंडमध्ये विल्यम पॅले यांनी १८०२ साली कुंभाराच्या जागी घड्याळजी आणला. माळावर सापडलेल्या घड्याळाला जर कारागीर हवा, तर डोळ्यासारख्या नाजूक रचनेला तो का नको? या विचारसरणीवर डेव्हिड ह्यूम यांचे आक्षेप १७७९ सालीच प्रसिद्ध झाले होते. १८५९ साली डार्विन यांनी नैसर्गिक निवडीचे तत्त्व मांडून, कारागिराविना अशी रचना कशी साकारते याचा उलगडा केला. घट असो वा घड्याळ, जो त्याला प्रमाण म्हणून पुढे करतो, त्याने त्याची परीक्षाही सोसली पाहिजे.

मराठीत या गोंधळाचे मूळ एका शब्दातच सापडते. न्यायशास्त्रात ‘दृष्टांत’ म्हणजे वादी आणि प्रतिवादी या दोघांनाही मान्य असलेला दाखला. महानुभावांच्या ‘दृष्टांतपाठा’त तो श्रोत्याला अर्थ उमगावा म्हणून सांगितलेली गोष्ट होतो. आणि नित्याच्या बोलीत, देवाने स्वप्नात येऊन दिलेला आदेश हाही दृष्टांतच. पहिला सिद्धीला साहाय्य करतो, दुसरा समजावतो, तिसरा आज्ञा करतो. एकाचे वजन दुसऱ्याच्या पारड्यात गुपचूप सरकविले, की फसवणुकीला वाट मोकळी होते.

ही केवळ शब्दांची चर्चा नव्हे. गुरूला देव म्हणणे हे कृतज्ञतेचे रूपक आहे. तेच अक्षरशः घेऊन एखादा बुवा स्वतःला देव म्हणवितो, स्वप्नातील दृष्टांत सांगून गुप्तधनाचे, संततीचे वा रोगमुक्तीचे आश्वासन देतो, तेव्हा संसार धुळीला मिळतात. अशा दाव्यांना पुरावा विचारणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. देव मानू नका, असे तो कायदा सांगत नाही. चमत्काराचा दावा करून लोकांना फसविणे व भय दाखविणे हा त्याचा विषय आहे. ज्याने दावा केला त्याच्याकडे पुरावा मागावा, ही सीमारेषा रास्त आहे.

विवेकवाद्यांनाही ती पाळावी लागेल. विठ्ठलाला माउली म्हणणाऱ्या वारकऱ्याला, दगडाला वात्सल्य नसते असे ऐकवून काहीच खोडले जात नाही. कारण त्याने शिळेच्या गुणधर्मांविषयी विधान केलेलेच नसते. त्याच्या मनातील आधार आणि ओढ यांना त्याने नाव दिलेले असते.

संतपरंपरेला हा भेद परका नव्हता. गोरोबा कुंभारांनी थापटण्याने संतांची डोकी तपासली आणि नामदेवांचे मडके कच्चे ठरविले, अशी आख्यायिका आहे. ज्यांच्या हातून देव जेवला, तेच कच्चे ठरावेत! पुढे ते विसोबा खेचरांकडे गेले, तेव्हा विसोबा शिवाच्या पिंडीवर पाय ठेवून निजले होते. जेथे देव नाही तेथे हे पाय उचलून ठेव, एवढेच ते म्हणाले. या कथेनेही देव सिद्ध होत नाही, आणि तसा तिचा आग्रहही नाही. नैयायिकांचा कुंभार जग घडविणारा होता. महाराष्ट्राच्या कथेतील कुंभार मडके तपासणारा आहे. ज्याची श्रद्धा अशी थाप सोसू शकते, त्याला चमच्यातल्या दुधाची साक्ष काढावी लागत नाही.