संगणकावर हिशेब अडला, तर विचारायचं कसं?

सख्यांनो, गेल्या महिन्यात एका गटाच्या बैठकीत वाद झाला. बारा जणींची दोनशे-दोनशेची बचत, म्हणजे पेटीत २४०० रुपये. मोजले तर बरोबर २४०० होते. पण लॅपटॉपवर बेरीज आली २२००. मग एकीने विचारलं, "हे दोनशे कुणाचे? आणि मागच्या महिन्यातपण असंच झालं असेल तर?" सचिवताई रडकुंडीला आल्या. चूक त्यांची नव्हती, पैशांचीही नव्हती. एका चौकटीत "२००" ऐवजी "२०० रु." लिहिलं गेलं होतं, एवढंच! रु. लावल्यावर संगणकाला तो आकडा वाटत नाही, अक्षरं वाटतात, आणि बेरीज करताना तो ती चौकट सोडून देतो.

आपल्यातल्या बऱ्याच जणी हिशेबासाठी लिब्रेऑफिसमधलं कॅल्क वापरतात. हे मुक्त सॉफ्टवेअर आहे. २०१० पासून जगभरातली माणसं मिळून ते तयार करतात आणि सुधारतात. विकत घ्यावं लागत नाही, कितीही संगणकांवर टाकता येतं. पण दुकानातून घेतलेलं नसल्यामुळे अडलं की फोन करायला दुकानदारही नाही. मदत मिळते ती जाणकार माणसांकडून, आणि त्यातले बरेच जण स्वतःचा वेळ काढून फुकट मदत करतात. म्हणून प्रश्न नीट विचारणं हे आपलं काम.

आधी स्वतः बघा

• आकडा चौकटीत उजवीकडे चिकटतो, अक्षरं डावीकडे. एखादा आकडा डावीकडे दिसला तर तिथे गडबड आहे.
• कंट्रोल आणि एफ८ ही बटणं एकत्र दाबा. आकडे निळे, सूत्रं हिरवी आणि अक्षरं काळी दिसतात. चोर लगेच सापडतो. पुन्हा दाबलं की रंग जातात.
• चौकटीत नुसतं ### दिसलं तर घाबरू नका. रकाना अरुंद आहे, तो रुंद करा.
• "एरर ५२२" आलं तर सूत्राने स्वतःचीच चौकट बेरजेत धरली आहे. सूत्र तपासा.

शिकायचं असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे कॅल्कवरचे मराठी धडे आहेत, तेही फुकट. एकेक धडा साधारण दहा मिनिटांचा असतो. अर्ध्या पडद्यावर धडा लावा आणि उरलेल्या अर्ध्यावर तसंच करून बघा. नुसतं बघून हात बसत नाही.

मग विचारा, पण पूर्ण विचारा

पशुसखीला फोन करून "म्हैस बरी नाही" एवढंच सांगितलं, तर ती काय करणार? कधीपासून, चारा खाते का, दूध किती कमी झालं, हे ती विचारणारच. संगणकाचंही तसंच. "बेरीज चुकते" एवढ्यावर कुणी उत्तर देऊ शकत नाही. पाच गोष्टी सांगा: कोणतं सॉफ्टवेअर आणि कितवी आवृत्ती (हेल्प या यादीत अबाउट उघडलं की दिसते), तुम्ही काय केलं, काय यायला हवं होतं, काय आलं, आणि पडद्यावर चुकीचा काही संदेश आला असेल तर तो जसाच्या तसा.

सचिवताईंचा प्रश्न असा असता:

"मी लिब्रेऑफिस कॅल्क २४.२ वापरते. बी२ ते बी१३ मध्ये बारा जणींची बचत आहे, प्रत्येकी २००. बेरजेचं सूत्र बी१४ मध्ये दिलं. २४०० यायला हवे होते, २२०० आले. चुकीचा संदेश काही आला नाही. बी७ मधला आकडा डावीकडे दिसतोय."

हे वाचून जाणकाराला पहिल्याच फटक्यात उत्तर देता येतं. आणि खरं सांगू? असं लिहायला बसलं की निम्म्या वेळा उत्तर आपल्यालाच सापडतं.

हे मात्र सांभाळा

गटाची खरी फाइल कुणालाही पाठवू नका. तिची नक्कल करा आणि त्या नकलेतून नावं, खाते क्रमांक, आधार क्रमांक काढून टाका. "सदस्य १, सदस्य २" असं लिहा. कुणाचं कर्ज किती, हे गावभर व्हायला नको. मदत करणाऱ्याला तुमचा ओटीपी कधीच लागत नाही. जो मागेल तो मदतीला आलेला नाही.

उत्तर मिळालं की करून बघा आणि जमलं की नाही ते मदत करणाऱ्याला कळवा. मग गटाच्या वहीत एक पान राखून तारीख, अडचण आणि उपाय लिहून ठेवा. पुढच्या वर्षी सचिव बदलेल, पण वही गटातच राहील.

त्या गटात आता हे पान सुरू झालंय. पहिली ओळ सचिवताईंनीच लिहिली आहे: "आकड्यापुढे रु. लिहू नये."