गाडी वळवताना ‘कट-कट’ आवाज येतोय? आधी हे तपासा

सोसायटीच्या पार्किंगमधून गाडी बाहेर काढताय. स्टेअरिंग पूर्ण फिरवलं, ॲक्सिलरेटर हलकेच दाबला आणि पुढच्या चाकाकडून आवाज आला, कट-कट-कट. रस्त्यावर गाडी सरळ झाली की आवाज गायब. मग गाणी लागतात, गप्पा सुरू होतात आणि तुम्हीही ते विसरून जाता. ओळखीचं वाटतंय ना?

आमच्या घरी हे चार महिने चाललं. बाबा म्हणायचे, “टायरमध्ये खडा अडकला असेल.” मी बसून खडे काढलेसुद्धा! शेवटी साताऱ्याला लग्नाला निघायच्या आदल्या आठवड्यात आईने सांगून टाकलं, “खंबाटकी घाटात हा आवाज ऐकत मी बसणार नाही.” तेव्हा कुठे गाडी गॅरेजला गेली. उजव्या चाकामागचा रबरी बूट फाटला होता आणि आतलं ग्रीस उडून गेलं होतं. गंमत म्हणजे, आधीच्या सर्व्हिसिंगलाच मेकॅनिकने त्या बूटला पडलेली चीर दाखवली होती. “पुढच्या वेळी बघू,” असं बाबांनीच सांगितलं होतं. तेव्हा फक्त बूट आणि ग्रीसवर भागलं असतं. आता अख्खा जॉइंट बदलावा लागला.

आवाज नेमका कशाचा?

आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांमध्ये इंजिनची ताकद पुढच्या चाकांना मिळते. पण हीच चाकं डावी-उजवीकडे वळतात आणि खड्ड्यांत वर-खालीही होतात. एवढ्या हालचालीत ताकद एकसारखी पोहोचवायचं काम सीव्ही जॉइंट करतो. प्रत्येक पुढच्या चाकाच्या ॲक्सलला असे दोन जॉइंट असतात, एक चाकाजवळ आणि दुसरा गिअरबॉक्सजवळ.

चाकाजवळच्या जॉइंटमध्ये साधारणपणे सहा स्टीलच्या गोळ्या खाचांमध्ये फिरतात. त्यांच्याभोवती ग्रीस असतं आणि त्यावर चुण्या असलेला रबराचा बूट. वयाने, उन्हाने तो बूट तडकला की ग्रीस बाहेर आणि पावसाळ्यातला चिखल आत. ती माती खाचा खात जाते. गाडी सरळ चालते तेव्हा गोळ्या जवळपास जागच्या जागी राहतात, म्हणून आवाज येत नाही. वळताना मात्र त्या खाचेत पुढे-मागे सरकतात, झिजलेल्या जागी आपटतात आणि तुम्हाला ऐकू येतं कट-कट. म्हणूनच वेग वाढला की आवाजही भरभर येतो.

इलेक्ट्रिक गाडी आहे म्हणून निश्चिंत होऊ नका. तिच्याही ॲक्सलला जॉइंट असतात. उलट इंजिनची घरघर नसल्याने त्यात हा आवाज लवकर कानावर येतो.

घरच्या घरी अशी करा परीक्षा

रविवारी सकाळी एखादं मोकळं मैदान गाठा. सगळ्या काचा खाली, गाणी बंद. स्टेअरिंग एका बाजूला पूर्ण फिरवा आणि अगदी हळू गोल चक्कर मारा. मध्येच ॲक्सिलरेटर थोडा दाबा. मग दुसऱ्या बाजूने तेच करा. डावीकडे वळताना आवाज आला तर बहुतेक वेळा दोष उजव्या जॉइंटमध्ये असतो, कारण वळणाच्या बाहेरच्या चाकावर जास्त भार येतो. मुलांना मात्र या वेळी गाडीपासून लांब उभं करा.

आता गाडी सपाट जागी थांबवा, हँडब्रेक लावा, इंजिन बंद करा. स्टेअरिंग वळवून ठेवलंत की चाकामागचा बूट मोबाइलच्या टॉर्चने दिसतो. चीर दिसली किंवा रिमच्या आतल्या बाजूला काळं ग्रीस उडालेलं दिसलं, तर उत्तर मिळालं. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकं घालू नका, हे काम मेकॅनिकचं.

प्रत्येक आवाज जॉइंटचाच असतो असं नाही. सरळ जातानाही टक-टक येत असेल तर टायरमधला खडा, सैल व्हील कॅप आणि सर्वांत आधी चाकाचे नट बघा. नट सैल असतील तर जागीच कसा, गाडी पुढे नेऊच नका. गाडी उभी असताना नुसतं स्टेअरिंग फिरवल्यावर कट्ट होत असेल तर संशय सस्पेन्शनच्या वरच्या बेअरिंगवर किंवा बॉल जॉइंटवर घ्यायचा. आणि ज्या गाड्यांची फक्त मागची चाकं ओढतात, उदाहरणार्थ ईको, त्यांच्या पुढच्या चाकांना हे ॲक्सलच नसतात. तिथे कोणी “सीव्ही जॉइंट गेलाय” म्हणालं तर दुसरं गॅरेज शोधा!

गॅरेजमध्ये काय सांगायचं?

बूट फाटलाय पण आवाज नाही, तर जॉइंट साफ करून नवीन ग्रीस, नवा बूट आणि क्लॅम्प पुरतात. ग्रीस मात्र सीव्ही जॉइंटचंच हवं, साधं नाही. आवाज सुरू झाला असेल तर नुसतं ग्रीस भरून झीज भरून येत नाही. तेव्हा जॉइंट किंवा पूर्ण ॲक्सल बदलणं हाच उपाय. दोन्हींचा खर्च विचारून घ्या, कधी कधी मजुरी धरून फारसा फरक राहत नाही. ॲक्सल काढल्यावर गिअर ऑइल सांडतं, ते पुन्हा भरलं का, हब नट नवीन लावला का, हेही विचारा. जुना पार्ट परत मागायला लाजू नका.

“अजून चालेल हो,” असंही कोणी म्हणेल. चालतेही. पण जॉइंट पूर्ण तुटला तर इंजिन सुरू राहतं आणि गाडी मात्र जागची हलत नाही. त्यात चढावर असाल तर गिअरमध्ये ठेवून किंवा ऑटोमॅटिक असेल तर ‘पी’वर टाकूनही ती थांबेलच असं नाही, मागे घरंगळू शकते. अशा वेळी ब्रेक दाबून धरायचा आणि लगेच हँडब्रेक ओढायचा.

काम झाल्यावर पैसे देण्याआधी मेकॅनिकला शेजारी बसवून तीच गोल चक्कर मारा, दोन्ही बाजूंनी. आमच्याकडे ही चक्कर आईने मारली, काचा खाली करून.