घटाचा गळा आणि गडाची पायरी

आश्विन शुद्ध प्रतिपदेस घरोघरी घट बसतात. परडीत काळी माती पसरावयाची, तीत धान्य पेरावयाचे, मधोमध पाण्याने भरलेला घट ठेवावयाचा, त्याच्या मुखाशी आंब्याची किंवा विड्याची पाने, वर श्रीफळ आणि शेजारी नऊ दिवस तेवणारा नंदादीप. या मांडणीचा धार्मिक अर्थ आमच्या वाचकांना सांगण्याचे कारण नाही. तो त्यांच्या घरात आजी-पणजीपासून चालत आलेला आहे. आज आम्ही लक्ष वेधू इच्छितो ते याच मांडणीतील एका साध्या गोष्टीकडे. ही पाने घटाच्या तोंडाशी पसरून उभी कशी राहतात? आणि एवढा जड नारळ नऊ दिवस न कलंडता वर कसा बसून राहतो?

उत्तर घटाच्या आकारात आहे. आपण घट म्हणून जो तांब्या मांडतो त्याचा गळा आवळलेला आणि काठ बाहेर वळलेला असतो. गळ्यामुळे पानांचे देठ आत एकत्र राहतात, काठावरून पाने बाहेर झुकतात आणि त्यांच्या बैठकीवर नारळ टेकतो. हाच गळा एरवी विहिरीवर दोराची गाठ निसटू देत नाही आणि ओल्या हातातही तांब्या घट्ट धरू देतो. वळलेल्या काठामुळे पाणी धारेने पडते, पोटावरून ओघळत नाही. पोट फुगीर, म्हणून भार खाली राहतो. तोंड मात्र एवढे रुंद ठेवलेले की घासणारीचा हात आत जावा. हे सारे कोणा एका कारागिराने एका बैठकीत योजले असेल असे आम्हांस वाटत नाही. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी तो उचलला, भरला, ओतला आणि घासला त्या हातांनीच त्याला घडविले असावे.

१९५८ मध्ये भारत सरकारच्या निमंत्रणावरून चार्ल्स ईम्स आणि रे ईम्स हे अमेरिकन अभिकल्पक दांपत्य आपल्या देशात हिंडले. खुर्च्यांच्या घडणीसाठी त्यांचे नाव जगभर झालेले होते. हिंदुस्थानातील वस्तूंची घडण कशी सुधारावी, हे त्यांना विचारण्यात आले होते. त्यांनी सादर केलेल्या अहवालाच्या प्रारंभीच गीतेतील कर्मयोगाचे वचन आहे, ही गोष्ट आमच्या वाचकांना खचितच आवडेल. आणि पाहिलेल्या असंख्य वस्तूंतून त्यांनी गौरवासाठी निवडला तो लोटा, म्हणजे आपला तांब्याच. तो भरलेला असता तोल कसा राहतो, रिकामा असता कसा, धरणाऱ्याच्या हाताचे माप काय, तो कटीवर नेतात की डोक्यावर, ओततो कसा, घासला जातो कसा, किंमत किती, असे प्रश्न एका साध्या भांड्याविषयी त्यांनी मांडले. या अहवालापाठोपाठ १९६१ मध्ये अहमदाबादेस राष्ट्रीय अभिकल्प संस्था स्थापन झाली आणि १९६९ मध्ये पवईच्या आयआयटीत याच विद्येचे केंद्र निघाले. वस्तू वापरणाऱ्याचा विचार आधी करावा, मग तिचे रूप ठरवावे, हे सूत्र आता तेथे शास्त्र म्हणून शिकविले जाते.

देवघरातील उपकरणांत हे शास्त्र कधीचेच नांदत आहे. पळीच्या दांडीचे टोक वळविलेले असते ते केवळ शोभेसाठी नव्हे. पंचपात्रीच्या काठावर ती अडकून राहते आणि बुडत नाही. तिची वाटी एका आचमनापुरते पाणी घेते, अधिक नाही. ताम्हन पसरट आणि उथळ, म्हणून अभिषेकाचे पाणी भुईवर जात नाही. शंख स्वभावतःच गडगडणारा. त्याला अडणी दिली. घंटेची मूठ अशी की डाव्या हाताने ती वाजवीत असता उजव्या हातातील निरांजनाकडून लक्ष ढळू नये.

परंतु आम्हांस सर्वांत नवल वाटते ते जपमाळेचे. १०८ मणी आणि एक मेरुमणी. डोळे मिटलेले, मुखी नाम, हात गोमुखीत. एक फेरी पुरी झाली हे कळावयास ना मोजावे लागते, ना पाहावे लागते. बोटाला मेरुमणी लागताच ते थांबते आणि माळ फिरविते. मनाला मोजणीच्या कामातून मोकळे करून नामात ठेवावयाचे, हा हेतू एका निराळ्या मण्याने साधला. ज्यांची दृष्टी गेली आहे त्यांच्याही हाती ती माळ तितकीच चालते.

आता आजच्या बाजाराकडे वळू. नवरात्र जवळ आले की दुकाने समयांनी आणि कलशांनी झगमगू लागतात. त्यांपैकी पुष्कळ वस्तू पाहण्यासाठी घडविलेल्या असतात, वापरण्यासाठी नव्हेत, असे म्हणावयास हरकत नाही. समई उंच आणि बैठक अरुंद. पदराचा धक्का लागला की कलंडली. आटे एवढे सैल की उचलावी तर वरचा भाग हातात आणि खालचा भुईवर. कलशाचे तोंड इतके पसरट की नारळ आत बुडावा. अंगभर एवढी नक्षी की चिंच-मीठ लावून तास गेला तरी खाचांतील काळेपणा हटू नये. भांडे विकत घेताना घरातील कर्त्या पुरुषाने त्याची झळाळी पाहावी आणि दसऱ्यानंतर ते घासणारीने त्याला बोल लावावा, असा हा प्रकार आहे. आमच्या मते पूजेचे भांडे निवडण्याचा पहिला अधिकार ते घासणाऱ्या हाताचा!

नंदादीपाचेच पाहा. तो अखंड ठेवावयाचा म्हणजे रात्री कोणी तरी उठावयाचे. दिव्याचे पोट लहान असेल तर ती गृहिणी एका रात्रीत दोनदा-तीनदा उठते आणि असे नऊ दिवस. पोट मोठे असेल तर निजताना घातलेले तेल पहाटेपर्यंत पुरते. वात पुढे सारताना दिवा विझू नये म्हणून शेजारी त्याच्याच ज्योतीवर दुसरी वात लावून ठेवण्याची आपली रीत आहे. त्यासाठी दिव्याभोवती हात फिरेल एवढी जागा लागते. नव्या सदनिकांत देव्हारा स्वयंपाकघराच्या फडताळात किंवा भिंतीवर उंच बसवितात. स्टुलावर चढून पूजा करणाऱ्या वृद्ध माउलीला आणि ज्योतीच्या माथ्याशी आलेल्या लाकडी फळीला, दोघांनाही त्यात धोका आहे. गुडघे दुखतात म्हणून ज्यांना पाटावर बसवत नाही त्यांनी खुर्चीवर बसून पूजा करावी आणि देव्हारा त्या बेताने बसवावा. यात काही कमीपणा आहे असे आम्ही मानीत नाही.

घरातील उणीव घरच सोसते. जेथे हजारो माणसे येतात तेथे तीच उणीव प्राणांवर बेतते. महाराष्ट्रातील देवीची कितीतरी स्थाने डोंगरमाथ्यावर आहेत. तुळजापूरचे तेवढे निराळे. तेथे आईच्या भेटीस पायऱ्या उतरून जावे लागते. २५ जानेवारी २००५ रोजी, पौष पौर्णिमेच्या यात्रेत, वाईजवळ मांढरदेवीच्या डोंगरावर जे घडले ते आठवले की आजही मन सुन्न होते. चढण उभी, वाट चिंचोळी, दोन्ही अंगांना दुकाने आणि फुटलेल्या नारळांच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या. काही जण घसरले, मागचे त्यांच्यावर पडले, पुढे दुकानांना आग लागली. ३०० च्या आसपास भाविक प्राणांस मुकले. न्यायमूर्ती कोचर यांचा चौकशी आयोग नेमला गेला. अशा वेळी गर्दीला बोल लावणे सोपे असते. परंतु यात्रेला गर्दी होणार आणि नारळ फुटणार, हे तर ठाऊकच होते. ते पाणी जाईल कोठे आणि माणसे वळतील कोठे, याचा विचार त्या वाटेने केलेला नव्हता.

याच्या उलट उदाहरण वणीच्या सप्तशृंगी गडाचे. साडेतीन पीठांपैकी हे अर्धे पीठ. सुमारे ५०० पायऱ्या चढून जावे तेव्हा जगदंबेचे दर्शन. २०१८ मध्ये तेथे रुळांवरून दोराने ओढली जाणारी फ्युनिक्युलर ट्रॉली सुरू झाली आणि ज्यांना वर्षानुवर्षे पायथ्यापासूनच हात जोडावे लागत होते त्यांना देवीसमोर उभे राहता आले. पायऱ्या चढण्याचे पुण्य यामुळे गेले, असे म्हणणारे लोक आहेत. पायऱ्या जागच्या जागी आहेत. ज्यांच्या पायांत बळ आहे त्यांनी त्या अवश्य चढाव्यात. पंढरपुरातही पदस्पर्शाची रांग निराळी आणि मुखदर्शनाची निराळी आहे. तासन्‌तास उभे राहणे ज्यांच्याने होत नाही त्यांना पांडुरंग दुरून तरी दिसतो.

पंढरीच्या याच मंदिराचे दार सर्वांसाठी उघडावे म्हणून साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये प्राण पणास लावून उपोषण केले आणि ते उघडले. दार उघडले तरी ते ओलांडता येणे ही पुढची गोष्ट आहे. कोणी मनाई न करताही दोन हात उंचीची पायरी चाकाच्या खुर्चीला अडविते. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क अधिनियमाने सार्वजनिक इमारतींची जी व्याख्या केली आहे तीत धार्मिक कार्यासाठी वापरल्या जाणाऱ्या इमारतींचाही समावेश आहे, हे विश्वस्त मंडळांपैकी कितींनी वाचले असेल?

सर्वच ठिकाणी ट्रॉली बसविणे शक्य नाही, हे आम्ही जाणतो. परंतु पायऱ्यांच्या दोन्ही अंगांना हाती येईल असा कठडा, पायरीच्या कडेला फिक्या रंगाचा पट्टा, ओल्या फरशीवर काथ्या अंथरणे, रांगेत दर थोड्या अंतरावर टेकावयास बाक, नारळ फोडण्याची जागा वाटेपासून दूर आणि तिला पन्हळ, यांस लाखो रुपये लागत नाहीत. सार्वजनिक मंडळांनी मंडप उभारताना एकदा भरल्या ताटाने त्या रांगेतून चालून पाहावे. अष्टमीला ओटी भरावयास आलेल्या स्त्रीच्या एका हातात खण, नारळ आणि तांदूळ असलेले ताट असते, दुसऱ्या हाताचे बोट धरून मूल असते आणि पदर सावरावयास तिसरा हात नसतो. देवीसमोर पोहोचण्याआधी ते ताट क्षणभर टेकविता यावे असा कमरेएवढा एक चौरंग रांगेच्या तोंडाशी मांडावा.