बारा पौर्णिमांचा अल्बम

समजा, एखाद्या सबमिशनसाठी तुम्हाला एकवीस वर्षांची मुदत मिळाली, तर काय कराल? खरं सांगा. मी तर विसाव्या वर्षापर्यंत फाइलच उघडली नसती.

पीटर गॅब्रिएल नावाच्या ब्रिटिश रॉक संगीतकाराने मात्र खरंच एकवीस वर्षं लावली. नव्या गाण्यांचा त्याचा मागचा अल्बम ‘अप’ २००२ च्या सप्टेंबरमध्ये आला, तेव्हा मी एक वर्षाची होते. त्यानंतरचा ‘आय/ओ’ आला १ डिसेंबर २०२३ ला. तेव्हा मी बावीस वर्षांची होते आणि तो त्र्याहत्तर वर्षांचा! (माझे बाबा त्याला ‘आमचा पीटर’ म्हणतात, म्हणून मीही अरे-तुरे करतेय. राग मानू नका.)

‘हा कोण बुवा?’ असं वाटत असेल, तर थांबा. तुम्ही त्याला ऐकलंय. ‘वॉल-ई’ सिनेमा संपल्यावर जे गाणं लागतं, ते त्याचं. ‘स्ट्रेंजर थिंग्ज’च्या पहिल्या सीझनमध्ये खाणीच्या पाण्यातून मृतदेह बाहेर काढतात, तेव्हा मागे ‘हीरोज’ वाजतं. गाणं मूळचं डेव्हिड बोवीचं, पण आवाज याचा. १९७५ मध्ये ‘जेनेसिस’ हा गाजलेला बँड सोडून तो एकटा गायला लागला. १९८६ च्या ‘सो’ या अल्बमने तो घराघरात पोचला. त्यातल्या ‘स्लेजहॅमर’च्या व्हिडिओला पुढच्या वर्षी एमटीव्हीचे नऊ पुरस्कार मिळाले. आपल्याशीही त्याचं जुनं नातं आहे. नुसरत फतेह अली खान यांचा ‘मस्त मस्त’ याच्याच ‘रिअल वर्ल्ड’ कंपनीने काढला, आणि ‘पॅशन’ या त्याच्या अल्बममध्ये एल. शंकर यांचं व्हायोलिन आहे.

पौर्णिमेला एक, अमावास्येला दुसरं

एकवीस वर्षं तो रिकामा बसला होता असं नाही. मध्यंतरी दुसऱ्यांची गाणी गायली, स्वतःची जुनी गाणी ऑर्केस्ट्रासोबत नव्याने केली, दौरे केले. नवीन गाणी मात्र ‘चालू आहेत’ एवढंच चाहत्यांना कळत होतं. ‘आय/ओ’ हे नावसुद्धा त्यांनी वीसेक वर्षांपूर्वीच ऐकलेलं. शेवटी तो विनोदाचाच विषय झाला होता.

आणि मग ६ जानेवारी २०२३ ला पौष पौर्णिमेला पहिलं गाणं आलं. त्यानंतर प्रत्येक पौर्णिमेला एक. त्या वर्षी इंग्रजी ऑगस्टमध्ये दोन पौर्णिमा होत्या, त्यामुळे नोव्हेंबरअखेर बारा गाणी पुरी झाली.

आता आपलं कालनिर्णय काढा. शीर्षकगीत आलं हनुमान जयंतीला. ‘फोर काइंड्स ऑफ हॉर्सेस’ हे गाणं चार प्रकारच्या घोड्यांच्या बौद्ध दृष्टान्तावरून सुचलेलं, आणि ते आलं बुद्ध पौर्णिमेला! गुरुपौर्णिमेला आलं वय आणि उरलेल्या वेळेबद्दलचं ‘सो मच’. एक तर चक्क अधिक महिन्यात आलं. त्याने आपलं पंचांग बघितलं नसणार, पण चंद्र तर एकच आहे ना.

दुसरी गंमत अशी की प्रत्येक गाणं दोनदा आलं. रेकॉर्डिंग तेच, पण मिक्सिंग दोघांनी वेगवेगळं केलं. मार्क ‘स्पाइक’ स्टेंटचं ते ‘ब्राइट-साइड’ आणि चॅड ब्लेकचं ते ‘डार्क-साइड’. मिक्सिंग म्हणजे कुठला आवाज पुढे, कुठला मागे, कुठला डाव्या कानात आणि कुठला नुसता जाणवेल असा, हे ठरवणं. मसाले तेच, पण दोन घरची आमटी वेगळी, तसं. एक मिक्स पौर्णिमेला यायचं, तर दुसरं साधारण अमावास्येला. बाबांनी लगेच बारसं करून टाकलं, ‘शुक्ल पक्ष आणि कृष्ण पक्ष’.

खूश, नाराज आणि झोपलेले

मग इतकं थांबलेल्या लोकांना हे आवडलं का?

आकडा बघितला तर हो. ब्रिटनच्या अल्बम यादीत ‘आय/ओ’ पहिल्या क्रमांकावर गेला. गॅब्रिएलला हा मान ‘सो’नंतर पहिल्यांदाच मिळाला, म्हणजे तब्बल ३७ वर्षांनी. पण चाहत्यांचं बोलणं ऐकलंत तर कळेल, एकमत कशावरच नाही.

एक गट म्हणतो, त्र्याहत्तराव्या वर्षी आवाज असा लागतो हीच कमाल. टोनी लेविनचा बेस, डेव्हिड ऱ्होड्सची गिटार, मानू काचेचे ड्रम्स. चाळीसेक वर्षांची ही दोस्ती ऐकू येते. दुसऱ्या गटाची तक्रार अशी की बारा गाणी आधीच ऐकून झाली, मग १ डिसेंबरला नवीन काय उरलं? तिसरा गट म्हणतो, संथ गाणी जरा जास्तच झाली. आणि दोन मिक्समधलं बरोबर कुठलं यावर तर वाद अजून चालूच आहे. काहींनी दोन्हींतली आवडती निवडून स्वतःची वेगळी यादी केलीय. काही जण प्रामाणिकपणे सांगतात, आम्हाला फरकच कळत नाही.

आम्हीही प्रयोग केला. फ्लॅटवर चौघं, दिवे बंद, मोबाइल दुसऱ्या खोलीत, आणि तासाभराहून थोडा मोठा अल्बम सलग. शेवटचा सलग अल्बम कधी ऐकला होता, हे आमच्यापैकी एकालाही आठवेना.

ढोल-ताशा पथकात ताशा वाजवणारा मित्र पहिल्या मिनिटापासून डार्क-साइडच्या बाजूने. म्हणाला, ‘इथे ठोका छातीत बसतो, ब्राइटमध्ये नुसता कानात.’ इंजिनीअरिंगवाली मैत्रीण नाव बघूनच वैतागली, ‘इनपुट-आउटपुट? हा तर आमचा पेपर आहे!’ पण शीर्षकगीतात सोवेटो गॉस्पेल कॉयरचे आवाज आले आणि ती गप्प झाली. ते गाणं आपण निसर्गापासून वेगळे नाही, सगळं आत येतं आणि बाहेर जातं, असं काहीसं सांगतं. तिसरा मित्र चौथ्या गाण्याला झोपला. तीही प्रतिक्रियाच, म्हणून नोंदवते.

मला धरून ठेवलं पहिल्याच ‘पॅनॉप्टिकॉम’ने. सत्तेने लोकांवर नजर ठेवण्याऐवजी लोकांनीच सत्तेवर नजर ठेवावी, अशी त्यामागची कल्पना. मानवी हक्क कार्यकर्त्यांच्या हातात कॅमेरे देणारी ‘विटनेस’ ही संस्था १९९२ मध्ये उभी करणाऱ्यांत गॅब्रिएल होता. पत्रकारितेच्या वर्गात आम्ही जे शिकतो, ते हा माणूस गाण्यात म्हणतोय.

‘जेवलीस का?’च्या पुढे

आता खरं कारण सांगते, हा लेख मी का लिहितेय.

बीएस्सी सोडून मी मास कम्युनिकेशनला आले, तेव्हापासून माझं आणि बाबांचं बोलणं दोन प्रश्नांवर आलं होतं. ‘जेवलीस का?’ आणि ‘पैसे आहेत का?’ जानेवारीत त्यांनी साताऱ्याहून एक लिंक पाठवली. सोबत एकच ओळ, ‘माझ्याकडे याची कॅसेट होती.’ मी ऐकलं आणि फोन केला. पुढच्या पौर्णिमेला पुन्हा. मग अमावास्येलाही, कारण शुक्ल पक्ष भारी की कृष्ण पक्ष, यावर भांडायचं असायचं. बाबा ब्राइटवाले, मी डार्कवाली. वर्षभर आम्ही इतकं भांडलो, की माझ्या कोर्सवरून भांडायचं राहूनच गेलं.

कोजागरीला ‘अँड स्टिल’ आलं. गॅब्रिएलने ते त्याच्या आईच्या आठवणीत केलंय. त्या रात्री ग्रहण होतं, दूध कधी आटवायचं यावर घरोघरी चर्चा चाललेली. आमची आजी गेल्या वर्षी गेली. फोन लागला, पण बाबा काही बोलेनात. मीही बोलले नाही. शेवटी म्हणाले, ‘दूध उतू जाईल, ठेवतो.’ त्या दिवशी कुठलं मिक्स चांगलं, हे आम्ही एकमेकांना विचारलं नाही. अजूनही विचारलेलं नाही.

म्हणून ‘एवढं थांबण्यासारखं होतं का?’ या प्रश्नाला माझं उत्तर ‘हो’ आहे, पण अल्बम निर्दोष आहे म्हणून नाही. दोन-तीन गाणी मीही पुढे ढकलते. पण सगळं एका रात्रीत संपवायची सवय लागलेल्या आपल्याला महिन्याला एकच गाणं मिळालं, तर आपण ते नीट ऐकतो आणि त्यावर कुणाशी तरी बोलतो, हे मला त्या वर्षी कळलं.

तुम्हाला सुरुवात करायची असेल, तर ‘रोड टू जॉय’ने करा, पाय आपोआप हलतील. मग रात्री हेडफोन लावून ‘प्लेइंग फॉर टाइम’. दोन्ही मिक्स ऐका, मग बाजू निवडा. आणि घरात कॅसेटच्या जमान्यातलं कुणी असेल, तर त्यांना लिंक पाठवा. तुमचा काका, मावशी, कुणीही.

त्यानंतरच्या दत्तजयंतीला पुन्हा पौर्णिमा होती. या वेळी गाणं येणार नव्हतं, बारा झाली होती. तेव्हा बाबा फोनवर म्हणाले, ‘आता काय करायचं गं?’

मी म्हटलं, ‘या वेळी मी पाठवते एक. तुम्ही ऐकून सांगा.’