बाबासाहेब मागे, सिंह पुढे

१९९० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या जन्मशताब्दीचं एक रुपयाचं नाणं निघालं. परळच्या बीआयटी चाळीत ज्यांची उमेदीची वर्षं गेली, दादरच्या हिंदू कॉलनीत ज्यांनी ‘राजगृह’ बांधून त्यात पुस्तकं भरली, त्यांचा चेहरा रुपयावर आला. रुपया त्यांना परका नव्हताच. त्याच्या दुखण्यावर त्यांनी १९२३ सालीच ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा ग्रंथ लिहिला होता. आता हे नाणं हातात घ्या आणि सांगा, पुढची बाजू कोणती?

चेहऱ्याची, असंच कुणीही म्हणेल. पण सरकारी हिशेबात पुढची बाजू अशोकस्तंभाच्या सिंहांची. बाबासाहेब मागच्या बाजूला! २०१५ साली १२५व्या जयंतीनिमित्त १२५ रुपयांचं, निम्मी चांदी असलेलं मोठं नाणं काढलं, तिथेही सिंह पुढे आणि चेहरा मागे. गिरगाव चौपाटीवर ज्यांना १९२० साली अखेरचा निरोप दिला गेला, ते लोकमान्य टिळक २००७ मध्ये पाच रुपयांवर आले. त्यांची जागाही मागेच.

यात मानापमान काही नाही. नाणं कुणाच्या हुकमाने चालतं, ते पुढची बाजू सांगते. कशानिमित्त काढलं, ते मागची. इंग्रजांच्या राज्यात पुढे राणीचं नाहीतर राजाचं मस्तक असे. १५ ऑगस्ट १९५० रोजी नवी नाणी आली, तेव्हा राजा गेला आणि नेमक्या त्याच्या जागी सिंह बसले. जागा तीच, धनी बदलला. तेव्हापासून स्मारक-नाण्यावर कितीही थोर पाहुणा आला, तरी ती जागा त्याला मिळत नाही.

खरी गंमत शिवरायांची. त्यांच्या तांब्याच्या शिवराईवर चेहरा नाहीच, नुसती अक्षरं. ‘श्री राजा शिव’ ही बाजू पुढची मानतात, ‘छत्रपति’ मागची. म्हणजे स्वतःच्या राज्यात त्यांचं नाव पुढे होतं. १९९९ साली दोन रुपयांच्या नाण्यावर त्यांची छबी आली, ती मात्र मागे. मला हे फार आवडतं: राजासुद्धा प्रजासत्ताकाच्या नियमाला अपवाद नाही.

चेहरा, अक्षरं, सिंह यांपैकी कशाचाच विचार न करता बाजू ठरवायचीही एक रीत आहे. हातोड्याने नाणी पाडत, तेव्हा एक ठसा ऐरणीत घट्ट बसवलेला असे. दुसरा वर धरून त्याच्यावर घाव घालत. वरचा लवकर झिजे, तो बदलावा लागे. ग्रीक नाण्यांचे अभ्यासक सहसा ऐरणीतल्या ठशाची बाजू पुढची धरतात. एकाच खालच्या ठशाला किती वरचे ठसे लागले, ते जुळवून कोणतं नाणं आधीचं आणि कोणतं नंतरचं हेही त्यांना लावता येतं. घाव खाणारा ठसा झिजला, म्हणून दोन हजार वर्षांनंतर क्रम कळतो!

आपल्या फोर्टातल्या टांकसाळीत हातोड्याचा प्रश्न नाही. सालाखाली छोटा हिरा दिसला, तर नाणं तिथलं, मुंबईचं. पुढची बाजू मात्र त्यावरून कळत नाही.

शिवाजी पार्कवर टॉससाठी कुणी हे आंबेडकरांचं नाणं काढलंच, तर कप्तानांनी आधी बोलून घ्यावं. समोरचा चेहऱ्यालाच छापा समजणार, आणि नियम सिंहांच्या बाजूने. त्यात रुपयाचा आकडाही सिंहांखालीच!