कांद्याच्या पेशीतला 11 मीटरचा धागा

शिरूर-दौंडच्या कांदाचाळीतला कुठलाही कांदा उचला. त्याच्या एका पेशीच्या केंद्रकात 16 गुणसूत्रं असतात. त्यांतला डीएनए सलग ताणला तर सुमारे 11 मीटर भरेल. माणसाचा जेमतेम 2 मीटर! (यावरून कांदा आपल्यापेक्षा हुशार ठरत नाही; त्यातला बराचसा मजकूर नुसती पुनरावृत्ती आहे.) एवढा धागा डोळ्यांना न दिसणाऱ्या केंद्रकात मावतो तो हिस्टोन नावाच्या प्रथिनांमुळे.

भोवऱ्याला जाळी गुंडाळावी तसं हे काम चालतं. चार प्रकारचे हिस्टोन, प्रत्येकी दोन, असे आठ जण मिळून एक गोळी बनते. तिच्याभोवती डीएनएचे जवळपास पावणेदोन वेढे बसतात. हा झाला न्यूक्लिओसोम. बांधायला गाठ लागत नाही: डीएनएवर ऋण भार, हिस्टोनवर धन भार, त्यामुळे ओढ आपसूकच. एखादं जनुक वाचायचं असेल, तेव्हा पेशी हिस्टोनच्या शेपटांवर ॲसिटिल गट चिकटवते. धन भार घटतो, पकड सैलावते.

जर्मनीच्या आल्ब्रेख्ट कोसेल यांना हिस्टोन 1884 मध्ये सापडले, तेही हंसाच्या रक्तपेशींत. पण मला सर्वांत नवल वाटतं ते एच4 या हिस्टोनचं. त्याच्या 102 अमिनो आम्लांपैकी फक्त दोन मटार आणि गाय यांच्यात वेगळी आहेत.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत कांद्याच्या मुळाचं टोक रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली जे जाडसर दोरे दिसतात, ते हेच गुंडाळलेलं सूत.