डोकी मोजत राजधानी

ऑकलंडच्या न्यू लिन उपनगरातून न्यूझीलंडची राजधानी वेलिंग्टन रस्त्याने सुमारे साडेसहाशे किलोमीटर. शाळेची सहल राजधानी बघायला निघते तेव्हा सोबतच्या पालकाला राजधानी कमी आणि मुलांची डोकी जास्त दिसतात. त्याला नेलेलंच त्यासाठी असतं. कागदपत्रं कितीतरी आधी सुरू होतात: पालकांची पोलीस पडताळणी, धोक्यांचा आराखडा, शेंगदाणे कोणाला चालत नाहीत, रात्री गोळी कोणाला द्यायची. आमच्या लहानपणी लाल एसटीतून रायगडाला जाताना सर एकदाच ‘सगळे आले का रे?’ म्हणून ओरडायचे. इथे प्रत्येक पालकाकडे चार-पाच मुलं, नावांची यादी आणि बसमध्ये चढताना, उतरताना, स्वच्छतागृहाच्या आधी आणि नंतर मोजणी.

वेलिंग्टनच्या केबल कारमध्ये मोजणाऱ्याला जरा उसंत मिळते. 1902 पासून ती लॅम्बटन कीवरून केलबर्नला 120 मीटर वर चढते. दारं लागली की सगळे हाताशी. खरी परीक्षा क्यूबा स्ट्रीटवरच्या बादल्यांच्या कारंज्यापाशी. बादल्या भरतात, कलंडतात आणि पाणी खालच्या बादलीत पडेल की बघणाऱ्याच्या अंगावर, याचा नेम नाही. मुलं तिथून निघत नाहीत, पण एका जागी थांबतही नाहीत.

संसदेत सुरक्षा तपासणीची रांग असल्याने मोजणी आपसूक होते. मंगळवार ते गुरुवार अधिवेशन असेल तर दुपारी दोनला प्रश्नोत्तरं सुरू होतात आणि प्रेक्षक सज्जातून ती बघता येतात. वर्गात हात वर केल्याशिवाय बोलायचं नाही असं शिकलेल्या मुलांना खाली मोठी माणसं एकमेकांना अडवताना, मधेच ओरडताना दिसतात. लोकशाहीवरच्या कुठल्याही धड्यापेक्षा हे त्यांना पटकन कळतं, असं माझं मत. 1865 पर्यंत राजधानी ऑकलंडच होती, हे आमची मंडळी वेलिंग्टनकरांना आवर्जून ऐकवतात.

राष्ट्रीय ग्रंथालयात 1893 चा स्त्रियांच्या मताधिकाराचा अर्ज आहे. सह्यांचे कागद एकापुढे एक चिकटवलेले, लांबी सुमारे 270 मीटर, आणि ही गुंडाळी झाडूच्या दांड्याच्या तुकड्याभोवती वळलेली. सह्या, कायदा, चळवळीची नेती केट शेपर्ड हे सगळं मुलं ऐकून घेतात. दांडा मात्र त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा असतो.

मग ‘ते पापा’ संग्रहालय. 1998 मध्ये उघडलेली ही इमारत भराव टाकलेल्या किनाऱ्यावर, शिसं आणि रबराच्या ठोकळ्यांवर बसवली आहे. जमीन हादरली की ठोकळे वाकतात आणि धक्क्याचा जोर वर पोचेपर्यंत कमी होतो. ही युक्ती इथल्याच बिल रॉबिन्सन यांनी 1970 च्या दशकात काढली. आत भूकंपाचा अनुभव देणारं हलतं घर आहे. शाळेतल्या सरावाची सवय इतकी की काही मुलं तिथेही खाली बसून डोकं झाकतात.

या संग्रहालयाच्या साठ्यात क्राउन लिनची भांडीही आहेत. न्यू लिनच्या मातीवर उभा राहिलेला हा कारखाना. रेल्वेच्या उपाहारगृहांतले जाड पांढरे कप त्याचेच असायचे. तो 1989 मध्ये बंद पडला. आपल्या गावची वस्तू राजधानीत जपून ठेवली आहे, हे मी माझ्या गटाला मोठ्या उत्साहाने सांगायला लागतो. ऐकायला तिघं उरलेले असतात. बाकीचे संग्रहालयाच्या दुकानात.